खलाशाचा चेहरा

घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. हे नाव तिने पाळण्यातच कमावलं, असं तिची ताई सांगे. भिंगरीला स्वस्थ बसणं म्हणजे शिक्षा. कुणाकडे गेली तर तिला आधी टेबलाचा डुगडुगणारा पाय दिसायचा, माणसं मागून. चहा येईपर्यंत त्या पायाखाली कागदाची घडी गेलेली असायची. अशा बाईने जुनी खेळणी दुरुस्त करायचा धंदा काढला नसता तरच नवल. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर कुंचले आणि स्प्रिंगांचे डबे, आणि चाकं गेलेल्या मोटारी, ढोल वाजवायचं विसरलेली माकडं आपापल्या पाळीची वाट बघत पडलेली.

या धंद्यात एक गोष्ट भल्याभल्यांच्या पचनी पडत नाही. लोकांना वाटतं, खेळणं जितकं चकचकीत तितका भाव जास्त. साफ चूक. खेळणी जमवणाऱ्यांना मूळचा रंग हवा असतो, मग तो अर्धा उडालेला का असेना. स्प्रिंग बदलली तर ते नाक मुरडून का होईना चालवून घेतात, पण रंगावर कुंचला फिरला की भाव कोसळलाच म्हणून समजा. भिंगरी गिऱ्हाइकाला दारातच विचारायची, "घरात ठेवायचंय की विकायचंय? विकायचं असेल तर मला रंगवायला सांगू नका." आणि रंगवलंच, तर खेळण्याच्या पोटात आतून बारीक फुली ओरखडायची, पुढे कुणी ते मूळचं म्हणून खपवू नये म्हणून. इतकी शहाणी बाई! म्हणून तर पुढचं सांगताना चरफडायला होतं.

ताई तिच्याहून बरीच मोठी. नवरा गेल्यापासून मुलाकडे राहायची. मुलगा वाईट नव्हता, सूनही वाईट नव्हती, पण ताईची खाट बाहेरच्या खोलीत आणि बाहेरची खोली सगळ्यांची. येणारा-जाणारा तिथूनच, टीव्ही तिथेच, नातवंडांची भांडणंही तिथेच. ताईने दोन गल्ल्या सोडून एक खोली बघितली होती. एक खिडकी, एक मोरी. "दाराला आतून कडी आहे गं," असं ती सांगायची तेव्हा दुसऱ्या बायका सोन्याबद्दल बोलतात तसा तिचा आवाज व्हायचा. मालक सोमवारपर्यंत अनामत रकमेसाठी थांबणार होता. आणि ताईकडे विकण्याजोगी एकच वस्तू होती, दोघींच्या लहानपणची चावीची बोट.

बोट पत्र्याची. सुकाणू धरून उभा असलेला खलाशी, चावी दिली की तो सुकाणू फिरवायचा. सगळा रंग मूळचा, फक्त खलाशाचं तोंड गुलाबी, कारण नऊ वर्षांच्या भिंगरीने त्यावर आत्याचं नेलपॉलिश फासलं होतं. जुनी खेळणी जमवणाऱ्या एका वकीलसाहेबांनी फोटो बघून भाव सांगितला. तो ऐकून ताईने दोनदा विचारून घेतलं. "नेलपॉलिशसकट घेतो," ते म्हणाले. "रविवारी भिंगरीबाईंच्या खोलीवर येतो. तोवर हात लावू नका. पुसूसुद्धा नका."

ताईने बोट भिंगरीकडे आणून ठेवली आणि भिंगरीची झोप उडाली.

तिने बोट कपाटावर ठेवली. मग खाली घेतली. मग वर्तमानपत्राखाली झाकली. शनिवारी सकाळी ती दोनदा जिना उतरली, काही न घेताच परत आली. हात शिवशिवत होते. डोक्यात एकच किडा वळवळत होता. नेलपॉलिश वरून लावलेलं, म्हणजे खाली मूळचा चेहरा असणारच. तो बाहेर आला तर वकीलसाहेब भाव वाढवतील, आणि ताईला अनामतीबरोबर शेगडी आणि पंखाही घेता येईल. यात रंगवणं कुठे आलं? हे तर नुसतं साफ करणं! मनाला पटवायचंच म्हटलं की माणसाला स्वतःसारखा वकील मिळत नाही.

दुपारी तिने कापूस काडीला गुंडाळला, द्रावणात बुडवला आणि गुलाबी गालावरून अलगद फिरवला. नेलपॉलिश सुटलं. खाली डोळा नव्हता, भुवई नव्हती, काहीच नव्हतं. नुसता पांढरा पत्रा.

तेव्हा कुठे तिला आठवलं. त्यांचे वडील घरं रंगवायचे आणि म्हणायचे, "घासल्याशिवाय रंग धरत नाही, पोरी." नऊ वर्षांच्या पोरीने नेलपॉलिश लावायच्या आधी खलाशाचं तोंड पॉलिश पेपरने स्वच्छ घासून काढलं होतं. दुसरी कुठलीही पोर असती तर तिने नुसतं फासलं असतं आणि चेहरा वाचला असता. काम चोख करायची हिची खोड तेव्हापासूनची.

संध्याकाळी ताई आली. बोट बघून दारातच थबकली.

"अगं, याचं तोंड कुठे गेलं?"

भिंगरीने सगळं सांगितलं. ताई ओरडली नाही. खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"मग काढ की नवीन तोंड. तुला काय अवघड आहे?"

"काढता येईल. पण ते नवं असेल, ताई."

"त्यांना कळेल?"

कळलं नसतं, हीच तर पंचाईत होती. जुना रंग जुन्यासारखा दाखवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"तुझी ती फुली-बिली मारू नकोस एवढंच," ताई म्हणाली. "आयुष्यात तुझ्याकडे पहिल्यांदा काही मागतेय."

भिंगरीने रंग कालवले. ताईसमोर बसून तिने डोळे काढले, मिशी काढली, गालावर वय चढवलं. आतून फुली मात्र ओरखडली नाही. चेहरा असा जमला, की ताईने तोंडावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी वकीलसाहेब वेळेवर आले. बोट खिडकीशी नेली, भिंगातून बघितली, आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला.

"नेलपॉलिशखाली मूळचा चेहरा शाबूत? खरं म्हणजे हात लावलात म्हणून मी रागवायला हवं, पण बाई, तुमचं नशीब! आता मी आधीच्या भावाने घेतली तर तो अन्याय होईल."

ताईने भिंगरीकडे बघितलं. इतकी खूश ताई तिने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. भिंगरीने हात पाठीमागे बांधले. पाय हलवला. कुंचले सारखे केले, परत विस्कटले. वकीलसाहेबांनी पाकीट काढलं.

"तो चेहरा मी काल काढलाय," ती म्हणाली.

वकीलसाहेबांनी बोट हळूच टेबलावर ठेवली. चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "रंगवलेलं मी घेत नाही," ते म्हणाले, "माफ करा," आणि जिना उतरून गेले.

ताईने बोट वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

"सांगायचंच होतं तर रंगवलंस कशाला?"

"राहवलं नाही."

"आणि सांगितलंस कशाला?"

"तेव्हाही राहवलं नाही, ताई."

ताई हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. भिंगरीला स्वतःचाच संताप आला. साफ केलं नसतं तर या वेळी ताई मालकाकडे पैसे मोजत असती. ती घाईघाईने बोलू लागली, इथेच ये राहायला, मी टेबल त्या भिंतीला सरकवते, मध्ये पडदा लावते, तुझी खाट खिडकीशी टाकू, कपाटाचा वरचा खण तुला, जिन्यात दिवा बसवून घेते.

"नको गं," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "तिकडे निदान माझ्याकडे कुणी बघत तरी नाही. इथे तू मला नीट करायला घेशील."

तिने पिशवी उचलली. पिशवीचा बंद एका बाजूने उसवला होता. भिंगरीचा हात सुईदोऱ्याच्या डब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. ताई भिंतीला धरून एक एक पायरी उतरली, आणि मुलाच्या घराकडे चालू लागली.