यार्देनच्या काठावरची बस

आज दुपारी आईला उदगीर स्टेशनवरून घरी आणलं अन् तेव्हापासून डोकं सणकलंय.

बायबलमधली ठिकाणं डोळ्यांनी बघायची, ही तिची आयुष्यभराची इच्छा. टूरवाल्यानं बसभर माणसं कोंबली अन् सगळ्यांना मिळून एकच गाईड दिला. आईचे गुडघे दुखतात हे आधीच सांगितलं होतं. तरी येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीवर गाईड म्हणाला, "आजी, तुम्ही बसमध्येच बसा. तुमच्यामुळं सगळ्यांना उशीर होतो."

लातूरची मावशी मागं दुसऱ्या टूरवाल्याकडून दहा-बारा जणांच्या ग्रुपमध्ये गेली होती. तिच्या गाईडनं हात धरून तिला पाण्यापर्यंत नेलं, काठावर बसून मराठीत वचन वाचलं. तिथं माणसासाठी थांबतात. इथं मेंढरं हाकून राहिलेत!

आई घरात आली तशा शेजारच्या सुमनकाकू पाया पडायला वाकल्या. तीर्थाहून आलेल्या माणसाच्या पाया पडायची आमच्या गल्लीत रीतच हाय, मग तीर्थ कुणाचंही असो.

आईनं पाय मागं ओढले. "नको गं सुमन. हे पाय त्या पाण्याला लागलेच न्हाईत."

टूरवाल्याला फोन केला, तर म्हणतो, "नदीचे फोटो पाठवतो ना!"

आता तुम्हीच सांगा, सुमनकाकूंनी फोटोच्या पाया पडायचं का?