आमटीवरचे दोन थेंब

कडुबाच्या खिशात पेन कधी सापडायचं नाही, साबणाची वडी मात्र हमखास. आमच्या कॉलेजातल्या विषाणूंच्या प्रयोगशाळेत तो परिचर. सव्वीस वर्षं त्यानं काचेची भांडी धुतली, पण नव्या पोरांना पहिला धडा त्याच्याकडूनच मिळायचा, तोही जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडून.

आमटीवर तेलाचे दोन थेंब तरंगत असायचे. चमच्याच्या टोकानं तो एकाला हळूच ढकलायचा. थेंब थेंबाला टेकायचा, क्षणभर थबकायचा आणि दोघांचा एक व्हायचा.

"बघा, असाच पेशीत शिरतो विषाणू बेटा. याच्या अंगावर चरबीचा अंगरखा, पेशीची कातडी बी चरबीचीच. अंगरख्याला खुंट्या असत्यात. त्या कातडीत अडकवायच्या, वढायचं जवळ, झालं एक. माल आत! आत आपल्यासारखे हजार करायचे, आन निघताना पेशीच्याच कातडीचा तुकडा पांघरून बाहेर. कापडाला गुलमंडीच्या बाजारात जायला नको, फुकट!"

"मग याला मारायचं कसं, मामा?"

"साबण! अंगरखा फाटला की संपला रुबाब."

पोरं पास व्हायची, आमटी गार व्हायची. नात्यात त्याला सगळे साबणमामाच म्हणत. लग्नात तो पंगतीच्या दारात उभा राही आणि हात धुतल्याशिवाय नवरदेवालाही आत सोडत नसे.

याच भरवशावर करमाडचं ते घडलं. तेरा वर्षं झाली. तिथं मेव्हणीच्या, सुलेखाच्या, बाळाचं नामकरण होतं. कडुबा, बायको गीताबाई आणि सात महिन्यांची लेक अमृता गेले. बुद्धवंदना झाली, ताटं वाढली, तेवढ्यात सुलेखा घाईनं आली. तिची थोरली तनुजा सकाळपासून तापली होती.

"दाजी, तनूच्या कानामागं पुरळ दिसतंय. गोवर असंल. तुमची लई बारकी हाय, लस बी टोचली नाय अजून. जेवायचं ऱ्हाऊ द्या, घेऊन जा तिला."

"आगं, गोवराचा अंगरखा बी चरबीचाच!" कडुबानं वडी काढली, साऱ्यांना रांगेत उभं करून हात धुवायला लावले, तनूचे दोनदा. बायका हसून बेजार. पंखा एकाच खोलीत होता, म्हणून अमृताला तनूशेजारीच निजवलं आणि तो निवांत जेवला. गोवर श्वासातून येतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वडी जवळ असली की त्याला बाकीचं आठवत नसे.

दहा-बारा दिवसांनी अमृताला गोवर निघाला आणि उतरलाही. "सुटली! आता जन्मात व्हनार नाय," म्हणत त्यानं प्रयोगशाळेत पेढे वाटले.

गेल्या दिवाळीनंतर अमृताच्या हातून वस्तू पडू लागल्या. आधी ताट, मग पेन. चालता चालता मानेला झटका बसायचा. आठवीतली हुशार पोर सातचा पाढा विसरली. मेंदूचा आलेख काढला, पाठीतलं पाणी तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी गोवर झाला होता?"

"व्हय."

"किती लहान असताना?"

"सात महिन्याची," कडुबा म्हणाला, आणि पुढचं त्याला समजलं. गोवर गेलाच नव्हता. मेंदूत दडून बसला होता. आता त्याला अंगरख्याचीही गरज उरली नव्हती. एका पेशीतून शेजारच्या पेशीत, थेंबातून थेंबात, बाहेर पाऊल न टाकता तो सरकत होता. रक्तातले पहारेकरी दारावर उभे, आणि हा आतल्या आत भिंती वितळवत चाललेला. तिथवर कुठला साबण पोचणार? औषधानं वेग कदाचित कमी होईल, डॉक्टर म्हणाले. बरी होणार नाही.

चौथ्या दिवशी तो भांडी घासणाऱ्या गीताबाईजवळ येऊन बसला.

"करमाडला सुलेखा म्हनली व्हती, घेऊन जा. म्या ऐकलं नाय."

गीताबाईचा हात थांबला. "मला बी ऐकू आलं व्हतं. वाढलेलं ताट सोडून कुठं उठायचं, म्हनलं." मग खाली बघतच म्हणाली, "आन ती वडी सकाळी तुमच्या खिशात मीच ठिवली व्हती."

आता अमृताला भरवावं लागतं. कडुबा डबा प्रयोगशाळेत उघडत नाही, दुपारी घरी येतो. सवयीनं हात धुतो, भाकरी कुस्करतो, वर आमटी ओततो. तेलाचे दोन थेंब तरंगत येतात. पूर्वी ते एक झाले की अमृता टाळी वाजवायची. आता ती बघते की नाही, सांगता येत नाही. थेंब एकमेकांकडं सरकू लागले की कडुबा मधे चमचा घालतो, आणि आमटी गार होईपर्यंत तो तिथंच धरून ठेवतो.