नायगारा सोडून डेल्फी

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात डॅलसहून आमचं विमान सुटलं, तेव्हा लग्नाला जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि डॅलसजवळच्या आमच्या प्लेनो गावातल्या झाडून सगळ्या मराठी काकूंनी मला वेड्यात काढलं होतं. हनीमूनला लोक नायगारा बघतात. मी ग्रीसचे पडके दगड मागितले होते! नागपूरला एम.ए.ला मी हेच शिकले होते, तेही पुस्तकातल्या धुरकट चित्रांवरून. पण अविनाशने, माझ्या नवऱ्याने, परतल्यावरच्या सोमवारपासून माझं नाव कॉम्प्युटरच्या कोर्सला घालून ठेवलं होतं. "इथे हिस्टरीला जॉब नसतो, यार," असं त्याचं म्हणणं. मला तो कोर्स नको होता. सांगायचा धीर नव्हता, म्हणून हे दगडच त्याला दाखवायचे असं मी ठरवलं.

अथेन्सला हॉटेलात बॅगा टाकल्या आणि त्याला जवळजवळ ओढतच अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर नेलं. पार्थेनॉनचं पडकं देऊळ दिसलं आणि मी चक्क किंचाळले! अविनाश शांतपणे फोटो काढत होता. मग खांबाच्या एका पडलेल्या चकतीपाशी थबकला.

"सिमेंट कुठंय?"

"नाहीच! या चौकोनी खाचेत लाकडी खुंटी बसवायची आणि तिच्यावर पुढची चकती."

तो स्ट्रक्चरल इंजिनिअर. गुडघ्यांवर बसून खाच चाचपू लागला, प्रश्नांवर प्रश्न विचारू लागला. जेवायची वेळ टळून गेली. नव्याचे नऊ दिवस असतील, मी स्वतःला बजावलं. नंतर एका खाणावळीत फासोलादा (पांढऱ्या घेवड्याची आमटी) मिळाली. लिंबू पिळून दोन-दोन वाट्या ओरपल्या.

डेल्फीला बसने गेलो. डोंगराच्या कुशीत अपोलोचं देऊळ, खाली दरीभर ऑलिव्हची झाडं. देवळापाशी आले आणि सवयीने चपला काढल्या, हात जोडले, प्रदक्षिणा सुरू केली. दुपारचे बारा! अर्ध्यावर पाय असे पोळले की मी नाचायलाच लागले. पण प्रदक्षिणा अर्धी टाकायची कशी? एक म्हातारा फिलाकस (पहारेकरी) धावत आला.

"मॅडम, चपला?"

"देवाचं घर आहे ना!"

"देव कधीच गेले," तो म्हणाला. "ऊन आहे फक्त."

अविनाश इतका हसला की मला रडूच आलं. ते बघून तो वाकला आणि स्वतःचे बूट-मोजे काढू लागला. "चल, उरलेली पळत करू." आम्ही हात धरून पळालो, म्हातारा टाळ्या वाजवत होता. दोघांच्याही तळपायांना फोड आले.

डॅलसला उतरून घरी ड्राइव्ह करत होतो. मी एका दमात सांगून टाकलं, "मला कॉम्प्युटर नाही शिकायचा."

हायवेवरच्या दोन एक्झिट मागे पडल्या.

"मला त्या खांबापाशीच कळलं होतं," तो म्हणाला. "सहा आठवड्यांत तू एवढं बोललीच नव्हतीस."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. कोर्स कॅन्सल करतो. सोमवारी युनिव्हर्सिटीच्या हिस्टरी डिपार्टमेंटला जाऊ."

"जॉब नाही मिळाला तर?"

"नाही तर नाही."

लग्न नागपूरला लागलं होतं, पण माझा संसार त्या हायवेवर सुरू झाला, असं मला आजही वाटतं.