दात काढणारी बाई

अलका चौबळांना गुरुग्रामच्या सोसायटीत सगळे ‘आंटीजी’ म्हणतात, महाराष्ट्र मंडळात ‘अलकाताई’ आणि घरात नवरा ‘अगं’ म्हणतो. साताऱ्याहून लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा सूर्यकांतरावांना आर. के. पुरमला सरकारी क्वार्टर होतं. वरच्या मजल्यावर त्यांचे साहेब राहायचे. अलकाताई जरा मोठ्यानं हसल्या, की सूर्यकांतराव बोट वर करून म्हणत, ‘‘अगं हळू, वर साहेब!’’ पुढे साहेब रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, मोहरीच्या शेतांत नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि चौबळ बाराव्या मजल्यावर राहायला आले. वर कुणी साहेब उरला नाही. पण सवय ती सवय. अलकाताई तोंडाला पदर लावून हसतात आणि लोक त्यांना गुणाची बाई म्हणतात. गुणाची म्हणजे काय, तर बोलत नाही!

सूर्यकांतराव माणूस वाईट नाही हो. मंत्रालयात अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले. ‘आयुष्यात न वाचता एका कागदावर सही केली नाही,’ हे वाक्य त्यांनी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकवलेलं आहे. दर संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते, तिची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. स्मारकापुढे भाषण करताना त्यांचा आवाज दरवर्षी त्याच ठिकाणी भरून येतो, आणि तो खरोखरच येतो.

तर झालं असं. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात सूर्यकांतराव पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेले होते. अलकाताईंची कंबर धरलेली, म्हणून त्या मागे राहिल्या. दोन दिवसांत कंबर सुटली, आणि आठव्या मजल्यावरची शुभदा धावत वर आली. तिची भाची मैत्रेयी एका मराठी सिनेमाची दिग्दर्शिका. काला अंबला शूटिंग चाललेलं, सिनेमातल्या चुलत सासूच्या एका प्रसंगासाठी मुंबईहून यायची ती नटी धुक्यात अडकली, विमानच उडालं नाही.

‘‘नऊवारी नेसता येतं ना? बस, चलो!’’ शुभदा म्हणाली.

‘‘अगं वेड लागलंय का तुला?’’ अलकाताई म्हणाल्या, आणि चपला घालायला लागल्या.

प्रसंग असा : कराडकडच्या एका घराण्यातल्या बायका पानिपतावर पडलेल्या पूर्वजाला भेटायला येतात. स्मारकापाशी पोचल्यावर कळतं, की त्याच्यासाठी मुद्दाम केलेले तिळाचे लाडू घरीच राहिले. अडीचशे वर्षांनी भेटायला आलो, तेही रिकाम्या हातानं! चुलत सासूला हसू फुटतं, आणि हसता हसता तिला रडू कोसळतं.

अलकाताईंना रडू लगेच यायचं, हसू काही फुटेना. मैत्रेयी म्हणाली, ‘‘काकू, एखादी जुनी गंमत आठवा.’’ त्यांना आठवली ती दिल्लीतल्या धौला कुआँची. सूर्यकांतराव पेट्रोल पंपावर त्यांना उतरवून, पेट्रोल भरून, तसेच स्कूटर घेऊन निघून गेले होते. घरापर्यंत महागाई भत्त्याबद्दल मागे न बघता बोलत राहिले, मागच्या सीटवर कोणीच नाही! तेव्हा अलकाताई रस्त्यात उभ्या राहून रडल्या होत्या. आता मात्र त्या अशा हसल्या, की झाडावरचे पोपट उडाले. पोटातून, मोकळ्या गळ्यानं, थांबेचना. आणि त्यातूनच रडूही आलं. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. शुभदालाही शपथ घातली. मनातला बेत एवढाच, की सिनेमा लागला की काही न बोलता ह्यांना शेजारी बसवायचं आणि पडद्याकडे न बघता ह्यांच्या तोंडाकडे बघायचं. वर्षभर त्या त्यावर जगल्या म्हटलं तरी चालेल. मंडळानं मागणी केली म्हणून गुरुग्रामच्या एका मल्टिप्लेक्सनं रविवारी सकाळचा एक शो द्यायचं कबूलही केलं होतं.

मग ट्रेलर आला. त्यात नऊवारीतली एक बाई पाठमोरी, समोर काला अंबचं स्मारक, आणि तिचं ते खदखदून हसणं. बस, तेवढंच. रडणं कापलेलं.

मंडळाच्या ग्रुपवर आग लागली. आपले वीर जिथं पडले तिथं ही बाई दात काढते? सिनेमांवर मतं द्यायची एक साइट आहे, तिथं कुणीही एक ते पाच स्टार देऊ शकतं. सिनेमा लागलाय की नाही, तुम्ही बघितलाय की नाही, साइटला काही घेणंदेणं नाही. ठरलं : प्रत्येकानं एक स्टार द्यायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या. ज्या आजी-आजोबांना जमत नव्हतं त्यांचे फोन हातात घेऊन सूर्यकांतराव स्वतः बसले. सिनेमा लागायला अजून आठवडा होता.

‘‘अहो, पण बघितलाय कुणी?’’ अलकाताईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं.

‘‘बघायचं काय त्यात? शितावरून भाताची परीक्षा.’’

‘‘पुढे ती रडते म्हणे.’’

‘‘तुला काय माहीत?’’

इथं सांगून टाकायला हवं होतं. ‘‘शुभदा म्हणत होती,’’ एवढंच बोलून त्यांनी पोळी उलटली.

शुक्रवारी मल्टिप्लेक्सनं कळवलं, की एवढी वाईट मतं असताना शो ठेवणं शक्य नाही. ग्रुपवर अभिनंदनाच्या हारतुऱ्यांची रास पडली. सूर्यकांतरावांनी शेवयांची खीर मागून घेऊन खाल्ली.

अलकाताईंनी दुपारी पहिल्यांदाच ती साइट उघडली. लोक काय काय म्हणतात ते तरी बघू. एक स्टार, एक स्टार, पुन्हा एक स्टार. मंडळातली सगळी ओळखीची नावं. आणि त्यांत एक नाव : अलका चौबळ. एक स्टार. खाली लिहिलेलं : ‘पवित्र भूमीवर दात काढणाऱ्या त्या बाईला लाज वाटायला हवी.’

गॅस बुक करायला म्हणून फोन नवऱ्याकडे दिला होता, तेव्हाचं काम. अलकाताईंनी ती ओळ दोनदा वाचली. लाज नाही वाटली. राग आला, आणि तो कानशिलांपर्यंत चढला. हे मेलं कुणी ऐऱ्यागैऱ्यानं लिहिलं असतं तर एक वेळ सोसलं असतं!

त्यांनी मैत्रेयीला फोन केला. ‘‘बाळा, माझा तो प्रसंग पाठवतेस? आख्खा.’’ मैत्रेयीचा आवाज रडून बसलेला होता; तिचे सगळीकडचे शो उडत चालले होते. तरी तिनं पाठवला.

संध्याकाळी चहाबरोबर बातम्या बघत बसलेल्या नवऱ्याच्या हातातला रिमोट अलकाताईंनी काढून घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच. फोन टीव्हीला जोडला आणि म्हणाल्या, ‘‘बसा. हलायचं नाही.’’

पाठमोरी बाई. ‘‘अगं, लाडू घरीच राहिले की गं!’’ आणि ते हसणं, आख्ख्या हॉलभर. सूर्यकांतरावांच्या कपाळाला आठी पडली. मग ती बाई वळली, पदर खांद्यावर घसरला, डोळ्यांतून धारा लागलेल्या. स्मारकाच्या दगडाला हात लावून ती म्हणाली, ‘‘पुढच्या खेपेला आणते रे बाळा, रागावू नकोस.’’

सूर्यकांतरावांच्या बशीतली बिस्किटं तशीच राहिली. दरवर्षी भाषणात येतो तसा त्यांचा गळा भरून आला, आणि मग एकदम त्यांनी तो चेहरा ओळखला.

‘‘तू?’’

‘‘मी.’’

त्यांनी आधी टीव्हीकडे बघितलं, मग बायकोकडे. आणि म्हणाले, ‘‘रडणं तुझं आहे, ते ओळखलं. पण हसणं डब केलंय ना कुणाकडून? तू अशी हसत नाहीस.’’

‘‘तुमच्यासमोर नाही हसत,’’ अलकाताई म्हणाल्या.

वर्षभर ज्या तोंडाकडे बघायचं ठरवलं होतं, ते त्यांनी आता बघून घेतलं, पण त्यांना वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही.

‘‘फोन दे,’’ सूर्यकांतराव पुटपुटले. ‘‘ते लिहिलेलं काढून टाकतो. ग्रुपवरही सांगतो सगळ्यांना.’’

‘‘तुमच्या नावावरचं काढा. माझ्या नावावरचं मी काढलंय.’’

‘‘बरं. मग परत एकदा लाव ना. नीट ऐकतो.’’

अलकाताईंनी फोनची वायर काढली. ‘‘नोएडाला एक शो राहिलाय, रविवारी सकाळी. मी शुभदाबरोबर चाललेय. तुम्हाला ऐकायचं असेल तर तिकीट काढून या.’’

आणि त्या चहाचे कप उचलून आत गेल्या.