येणाऱ्याच्या हाती आलेला सोलेनॉइड

गाडी नवऱ्याची आहे असं सगळे म्हणतात. कागदावरही त्याचंच नाव आहे. पण तो कतारला आणि गाडी पेणला, आणि पेणहून रोह्याला रोज ती मीच नेते. तिथल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते. तो सुट्टीवर येतो तेव्हा खुंटीवरची किल्ली न विचारता उचलतो, सीट मागे सरकवतो, आरसे फिरवतो. तो परत गेला की ते सगळं मी पुन्हा माझ्या मापाचं करून घेते. या गोष्टीचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. त्याला मी तोंडावर तुम्ही म्हणते आणि मनात तू.

पावसाळा संपता संपता गाडीने मला घाबरवलं. खांब गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि एकाच बाजूने दोन्हीकडची वाहनं सोडली होती. एका ट्रेलरच्या मागे बराच वेळ रखडले होते. जागा दिसली तशी गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. टर्बोची गाडी, एरवी पाय दाबला की मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. त्या दिवशी काहीच झालं नाही. इंजिन चालू, समोर पिवळा दिवा, आणि गाडीला जोरच नाही. समोरून एसटी येत होती. ब्रेक मारून कशीबशी पुन्हा ट्रेलरच्या मागे शिरले. कंपनीत पोहोचल्यावर पहिलंच सँपल चुकलं, पुन्हा करावं लागलं.

पेणच्या मेकॅनिकने लॅपटॉप जोडून बघितलं. टर्बो ठणठणीत आहे, म्हणाला, सोलेनॉइड गेलाय. बोटाएवढी ती वस्तू, आत तारेचं वेटोळं आणि एक छोटी झडप. टर्बोने हवेचा दाब किती चढवायचा ते गाडीचा कंप्युटर या झडपेकरवी ठरवतो. झडप अडकली की कंप्युटर घाबरून जोरच काढून घेतो. आमचं घर खाडीच्या बाजूला, तिकडच्या खाऱ्या हवेने वायर जोडायच्या प्लगच्या पिनाही हिरव्या पडल्या होत्या. शोरूमला फोन केला तर पार्ट मागवावा लागेल, आला की कळवू, एवढंच सांगितलं. म्हणजे बाहेरचाच पार्ट शोधणं आलं.

इथे मी एक घोळ केला. व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला सगळं सांगितलं, एसटीसकट. तो म्हणाला, "विकून टाकू गाडी. ती रोह्याची नोकरीपण सोड. नाय तर इकडं ये माझ्याकडं." मी फोन ठेवला आणि घरभर फिरत राहिले. ताटं घासली, घासलेली पुन्हा घासली. नोकरी मला आयती मिळालेली नाही. गाडी गेली तर रोहा गेलं आणि रोहा गेलं तर माझ्या दिवसात उरतं काय? सासू तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "घाबरलाय गो तो," म्हणाली. "घाबरला की असाच बोलतो."

दुसऱ्या दिवशी तो वेगळाच माणूस होता. विकण्याची भाषा गेली होती. तू काही घेऊ नकोस, मी इथून चांगल्यातला पाठवतो, असा त्याचा मेसेज आला. आमच्याकडे हे असंच चालतं. घरातली वस्तू निवडायची तिथल्या माणसाने आणि पाठवायची कतारहून येणाऱ्याच्या हाती. त्यामुळे पेणच्या उकाड्यात आमच्या कपाटात दोघांनी मिळून उचलावी लागतात अशी जाड ब्लँकेटं आहेत. गालिचा साफ करायचं मशीन आहे, गालिचा नाही. पाठवणाऱ्याने प्रेमानेच पाठवलेलं असतं, म्हणून कुणाला काही बोलता येत नाही.

मग रोज सोलेनॉइडच्या लिंका यायला लागल्या. हा बघ, तीन तोंडांचा, धातूचा, झटक्यात उघडतो. हा बघ, चार तोंडांचा. दुपारी जेवायच्या सुट्टीत तो हेच बघत असावा. मीही वाचायला लागले. डबा खाताना वाचलं, एसटीत उभ्याने वाचलं, कारण गाडी दारात झाकून ठेवली होती. एसटीने रोज उशीर व्हायचा. लॅबमधले साहेब मी आत शिरले की घड्याळाकडे बघायचे, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. नवऱ्याला येणारा माणूस सापडत नव्हता. एक ठरला, त्याची सुट्टी पुढे गेली. नवऱ्याची स्वतःची ईदची सुट्टीसुद्धा कंपनीने रद्द केली होती, तेव्हापासून तो तारखेचा विषयच काढत नव्हता. शेवटी माझा धीर सुटला. पेणच्या पार्टवाल्याकडून साधा, मूळच्यासारखाच प्लॅस्टिकचा सोलेनॉइड आणून कुणाला न सांगता पर्समध्ये ठेवला.

त्याच आठवड्यात नवऱ्याचाही आला. डोलवीला कंपनीत काम करणाऱ्या एकाचा भाऊ कतारहून आला होता, त्याच्याकडून खोकं घेतलं. आत फोम, फोममध्ये निळ्या रंगाचा चकचकीत तुकडा. खरं सांगते, सुंदर होता. हातात वजनदार लागत होता. सोबत नवऱ्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, कुठली नळी कुठे जोडायची त्याची. तिथे बसून त्याने माझ्या गाडीच्या नळ्यांचं चित्र काढलं होतं, बाण आणि खुणांसकट. ते बघून मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

दोन्ही घेऊन मेकॅनिककडे गेले. त्याने दोन्हींना बॅटरीवर लावून बघितलं. दोन्ही टक वाजले. निळाही बसेल, तो म्हणाला, पण त्याच्यासाठी कंप्युटरची सेटिंग बदलून घ्यावी लागेल. ती पुण्याला नाहीतर मुंबईला. तोवर दाब कधी कमी चढेल, कधी जास्त, ते सांगता येत नाही, म्हणाला. प्लगसुद्धा वेगळा होता, वायर कापून जोडावी लागणार होती. मी त्या निळ्या तुकड्याकडे बघत राहिले आणि माझ्या लक्षात आलं की नवऱ्याने हा तिथल्या रस्त्यासाठी निवडलाय. सरळ, रुंद, मोकळ्या रस्त्यासाठी. वडखळचे ट्रेलर, खांबचे खड्डे त्याला आता आठवत नाहीत. माझ्या गाडीला उडायचं नव्हतं. तिला रोज तेवढाच जोर हवा होता, मी मागेन तेव्हा. मी पर्समधला बसवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी रोह्याला गेले. खांबच्या पुढे रस्ता रिकामा मिळाला तेव्हा पाय दाबून बघितला. गाडी सुटली. पुन्हा दाबला, पुन्हा सुटली. कोलाडपर्यंत मात्र मी मनात उत्तरंच जुळवत होते, कारण संध्याकाळी नवऱ्याचा फोन येणार होता.

आला. गाडी चालू कर म्हणाला, आवाज ऐकव. मी बॉनेट उघडून फोन आत धरला. तो कान देऊन ऐकत होता.

"मस्त हाय आवाज. माझाच बसवलास ना?"

हो म्हटलं असतं तर त्याला कधी कळलं नसतं, निदान तो येईपर्यंत. तो किती खूश आहे ते स्क्रीनवर दिसत होतं. पण हो म्हटलं असतं तर सीट, आरसे, किल्ली सगळं पुन्हा त्याचंच झालं असतं.

"नाय," मी म्हणाले. "पेणचा बसवला. तुमचा कपाटात हाय." आणि सेटिंगचं, वायरीचं, रस्त्याचं सगळं एका दमात सांगितलं. भांडणाची तयारी मी सकाळपासून केली होती.

तो भांडला नाही. 

"मी आलो की," तो म्हणाला, "चालवायला देशील ना?"

गाडी घेतल्यापासून त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. मला हेच ऐकायचं होतं, कितीतरी दिवसांपासून.

देईन की, म्हणाले. मग विचारलं, "येताय कधी?"

तारखेचं सोडून, गाडी बंद कर, उगाच तापेल, म्हणाला. मी इंजिन बंद केलं.