जीपला छप्पर, आम्हाला खाज

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत आमच्या घरात कापूस राहायचा आणि आम्ही त्याच्या कडेकडेनं. मारेगावच्या बाजूच्या आमच्या गावात तेव्हा सगळ्यांचंच तसं. जरा थांबलं तर भाव चढेल, या आशेवर लोकांनी खोल्या आढ्यापर्यंत भरल्या होत्या. ऊन तापायला लागलं तशी त्या कापसातून खाज उठली. दहावीला बसलेली आमची पोरगी एका हातानं भूमिती सोडवायची आणि दुसऱ्या हातानं मान खाजवायची.

ऐसपैस जागा होती ती फक्त माझ्या जीपला. सरकारी लिलावातून आणलेली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली जुनी जीप. तिच्यासाठी मी टिनाचं शेड घातलं होतं. बॅटरी कायम बसलेली, म्हणून ती उतारावरच उभी करायची. हँडब्रेक नावापुरता, म्हणून चाकाखाली दगड. निघताना दगड काढायचा आणि धावत जाऊन आत बसायचं. लग्नाला गेलो तरी मांडवाआधी मी उतार शोधायचो. चालवताना वाटायचं, विकून टाकावी ही कटकट. शेडात उभी दिसली की वाटायचं, मुकुटबनपर्यंत एक चक्कर मारून यावी. धड बसवत नव्हतं, धड सोडवत नव्हतं.

एके दिवशी बायको म्हणाली, "जीप सावलीत लोळून राह्यली, आन् पोरगी खाजवून राह्यली. कापूस शेडात टाका, नाही तं मी तिले घेऊन माहेरी जातो."

"आन् जीप?"

"विका. कायले पोसता?"

जीप विकायची आहे, असा मी चार ठिकाणी निरोप धाडला. यवतमाळच्या रस्त्यावर ज्याचं धाब्यासारखं हॉटेल होतं, असा एक शौकीन माणूस दुसऱ्याच दिवशी आला. मी इमानदारीनं जीपची सगळी दुखणी सांगितली. थोडी जास्तच सांगितली. चढावर तापते, पावसात आतून गळते, खड्ड्यात दार आपोआप उघडतं. तो हसतच होता.

"चालवायची कोणाले हाये, भाऊ?" तो म्हणाला. "मले गेटजवळ उभी करायची हाये. लोक फोटो काढतात. इंजिन काढून टाकू, ऑइल टपकलं तं लॉन खराब होते. बॉनेटमधी माती भरून फुलं लावू."

मी बॉनेटवरची धूळ पुसायला लागलो. बोललो असतो तर आवाज कापला असता, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज लोखंडासाठी कापणं बरं दिसत नाही. चहा घेऊन आलेली बायको मात्र दारातच थांबली.

"इंजिन काढून?" ती म्हणाली. "मंग जीप कायले घेता दादा? कुंडी घ्या ना."

तो चहा पिऊन गेला. मी कौतुकानं बायकोकडं पाहिलं.

"असे पाहू नोका," ती म्हणाली. "आज शेड खाली झालं पायजे."

त्याच दुपारी जीप अंगणातल्या निंबाखाली आली आणि कापूस शेडात गेला. घरात एकच ताडपत्री होती. आभाळ भरून आलं तेव्हा ती कापसावर गेली. जीपसाठी मी पोती शोधत फिरलो, तोवर चार थेंब पडून गेलेही.

खोली मोकळी झाली, तरी पोरगी अभ्यासाला तिथं बसेना. म्हणे, भिंतीतूनही खाज येते. पुस्तकं घेऊन ती जीपमध्ये जाऊन बसली आणि मग रोज तिथंच बसू लागली. वारा चांगला, सावली चांगली, पाय टाकायला डॅशबोर्ड. आता विकायचा विषय निघत नव्हता, चक्कर मारायचाही नाही. पण अंगणाचा उतार थेट विहिरीकडं जाणारा. मी दर थोड्या वेळानं काही ना काही निमित्त काढून बाहेर यायचो, वाकायचो, चाक पाहायचो. प्रमेय पाठ करता करता, पुस्तकातून मान वर न काढता ती म्हणायची, "बाबा, दगड हाये जागेवर."

मी "हो" म्हणायचो आणि पायानं तो आणखी थोडा आत सारायचो.