दोन बोटं मोठी कुंडी

वाढीव मावशींचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. चाळीस वर्षं त्या शाळेचे गणवेश शिवत होत्या, पण मुलाच्या मापाचा असा एकही शिवला नव्हता. "वाढतं अंग आहे," म्हणून बाही चार बोटं लांब, आत दुमडलेलं कापड भरपूर. पहिलीतलं पोर दारात आलं की आधी गणवेश दिसे, मग थोड्या वेळाने पोर. तिसरीपर्यंत तोच चाले, त्यामुळे आईबाप खूश असत.

अशा मावशींच्या हवाली सुनेने झाड केलं. सून ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने परगावी निघाली होती. झाड फिडल लीफ फिगचं, खिडकीशी ठेवलेलं, कमरेएवढं, व्हायोलिनच्या आकाराची अकरा पानं.

"आठवड्यातून एकदा पाणी घाला. बाकी काही करू नका," सून म्हणाली.

तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. एका घरात राहूनही दोघींचं भांडण कधी झालं नव्हतं, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. सुनेने आपली अशी एखादी वस्तू सासूच्या हाती देण्याची ही पहिलीच वेळ होती. ती पहिली आणि शेवटची ठरू नये, एवढीच मावशींची इच्छा होती.

थंडी सरली, शेंड्याला नवा कोंब दिसू लागला. पण वरून पाणी घातलं की लगेच खालून ताटलीत. मावशींनी कुंडी तिरपी करून पाहिली, तर भोकांतून मुळं बाहेर आलेली. त्या रोपवाटिकेत गेल्या.

"मुळांना आत जागाच उरलेली नाही," माळी म्हणाला. "कुंडी बदला. नवी पालवी फुटते तेव्हाच बदलायची असते. आहे त्यापेक्षा दोन बोटं रुंद घ्या, जास्त नको."

दोन बोटं म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हाच खटाटोप. माळ्याला कुंड्या विकायच्या असतात, हे मावशींना कळत होतं. त्यांनी भलामोठा टब आणला आणि पोतंभर माती ओतून झाड त्यात लावलं.

"यात आंघोळ कुणी करायची?" नवऱ्याने विचारलं.

"वाढतं अंग आहे," मावशी म्हणाल्या.

अंग वाढलं नाही. पंधरा दिवसांत पानांवर तपकिरी डाग पडले आणि पानं गळू लागली. सुनेच्या पहिल्या फोनला नऊ पानं होती, दुसऱ्याला सात. "झाड छान आहे," मावशी दोन्ही वेळा म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्याकडून एक खिसा उलटा शिवला गेला.

सहावं गळलं तेव्हा त्या पुन्हा माळ्याकडे गेल्या.

"केवढी घेतलीत कुंडी?"

मावशींनी दोन्ही हात पसरून दाखवलं. माळ्याने हातातली झारी खाली ठेवली.

"नाकापेक्षा मोती जड झाला. एवढीशी मुळं एवढ्या मातीतलं पाणी पिणार किती? उरलेलं तसंच राहतं आणि मुळं कुजतात. सैल सदऱ्यात पोर मरत नाही, बाई. झाड मरतं."

त्याच दुपारी मावशींनी झाड उपसलं. काही मुळं काळी, लिबलिबीत झाली होती, वास येत होता. बागेची कात्री घरात नव्हती. त्यांनी कापडाची कात्री घेतली, जिने त्या नवऱ्याला कधी साधा कागदही कापू देत नसत, आणि सडलेलं सगळं छाटलं. यावेळी कुंडी मापात आणली, टेप लावून. नवी भुसभुशीत माती, खोड पूर्वीइतकंच वर, आणि एकदाच पाणी. मग रोज मातीत दोन पेरं बोट खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. गळती पाच पानांवर थांबली.

सून आली. बॅग न ठेवताच तिने पानं मोजली.

"फोनवर छान आहे म्हणालात."

"खोटं बोलले. टब मोठा आणला, मुळं सडली," मावशी म्हणाल्या. "तुला सांगितलं असतं तर पुन्हा कधी काही सोपवलं नसतंस. भीती वाटली."

सून आत गेली. दोन दिवस घरात फक्त मशीनचा आवाज होता. तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना ती दारातूनच म्हणाली, "माती कोरडी दिसतेय. पाणी घाला आज."

मावशींनी बोट घालून पाहिलं. वरून कोरडी होती, आत गार आणि ओलसर. तांब्या भरून आणला होता, तो बराच वेळ हातात राहिला. मग त्यांनी तो मोरीत ओतला.

संध्याकाळी सुनेने चपला काढता काढता विचारलं, "घातलंत पाणी?"

"नाही. आत ओली आहे अजून."

सून खिडकीशी गेली. मातीत बोट खुपसलं, काढलं, अंगठ्याने चोळून पाहिलं.

"बरं झालं नाही घातलंत," ती म्हणाली आणि मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसली. तिथे ती याआधी कधी बसली नव्हती.